दक्षिणमुखी टीव्ही, तीन पाळ्या

पिंपरी-चिंचवडमध्ये वास्तुशास्त्र पोचायच्या आधी टीव्ही पोचला, हे फार बरं झालं. क्रम उलटा असता तर इथल्या निम्म्या घरांनी टीव्ही घेतलाच नसता. कारण आमच्या टीव्हीचा सगळा कारभार दक्षिणेकडून चालायचा. मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला, वरळीला. तिथून निघालेल्या लहरी सह्याद्रीच्या पलीकडे पोचेनात, म्हणून १९७३मध्ये सिंहगडावर सहक्षेपणाचा मनोरा उभा राहिला. आता नकाशा काढून बघा. निगडी-आकुर्डीहून सिंहगड अगदी नाकासमोर दक्षिणेला. दक्षिण म्हणजे यमाची दिशा. तिकडे पाय करून झोपायचं नाही, तिकडे दार ठेवायचं नाही, तिकडे तोंड करून जेवायचं नाही, असं बजावणाऱ्या आज्याच रोज संध्याकाळी गच्चीकडे बघून विचारू लागल्या, "दक्षिणेकडे नीट वळवलाय ना रे?"

मुहूर्ताचीही एक गंमत आहे. मुंबई केंद्र २ ऑक्टोबरला सुरू झालं. 'महाभारत' मालिका सुरू झाली २ ऑक्टोबर १९८८ला. झी टीव्ही अवतरला २ ऑक्टोबर १९९२ला. गांधीजयंतीला दारूची दुकानं बंद असतात. एक व्यसन दिवसभर बंद ठेवायचं आणि त्याच दिवशी दुसरं कायमचं सुरू करायचं, असा योग या देशात तीनदा जुळून आला.

पुण्याच्या पेठांत टीव्ही आला तो डॉक्टर-वकिलांच्या दिवाणखान्यात. आमच्याकडे तो बोनसमधून आला. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, बजाज, टेल्को आणि त्यांच्या आजूबाजूला उगवलेले शेकडो लहान कारखाने, हा आमचा मुलूख. यंदा बोनस किती टक्के, यावर घरात टीव्ही येणार की नुसती भिंतीला सफेदी होणार, हे ठरायचं. कमी पडले तर कामगार पतपेढीचं कर्ज. मग पिंपरी कॅम्पात जाऊन, तीन दुकानांत भाव करून, चौथ्या दुकानात थकून खरेदी व्हायची. वेस्टन, क्राउन, डायनोरा अशी नावं. लाकडी पेटी, तिला सरकतं दार, दाराला कुलूप. किल्ली आईच्या मंगळसूत्राशेजारी. टीव्ही पाहायला सरकारी परवाना लागे आणि त्याची फी टपाल कचेरीत भरावी लागे, हे आजच्या पोरांना सांगितलं तर ती आपल्याकडे दयेनं बघतात. पण आम्ही ती भरत होतो, आणि पावती गॅसच्या कार्डाबरोबर जपून ठेवत होतो.

एरवी अँटेना बसवणं हे दुकानातल्या पोऱ्याचं काम. आमच्याकडे ती इंजिनिअरिंगची बाब होती. संत तुकारामनगर घ्या, यमुनानगर घ्या, नाहीतर शाहूनगर. प्रत्येक इमारतीत दोन फिटर, एक टर्नर, एक वेल्डर आणि क्वालिटी कंट्रोलमधला एक माणूस असायचाच. नवा टीव्ही आला की रविवार असो की गुरुवार, ही सगळी मंडळी गच्चीवर जमायची. दुकानदारानं दिलेला अँटेना आधी नापास व्हायचा. "याच्या काड्या एका लेव्हलमध्ये नाहीत," असं म्हणून फिटरकाका खिशातून पाणसळ काढायचे. पाणसळ कंपनीची. ती घरी कशी आली, हे विचारायची पद्धत नव्हती. वेल्डरकाका म्हणायचे, "क्लॅम्प आपल्याकडून करून आणतो, स्टेनलेस स्टीलचा." चार दिवसांनी जेवणाच्या डब्याच्या तळाशी बसून क्लॅम्प गेटबाहेर यायचा. तो इतका मजबूत असे की पुढे इमारत पाडली तेव्हा अँटेना शेवटी निघाला.

मग दिशा लावायचा सोहळा. एक माणूस गच्चीवर, एक जिन्यात, एक गॅलरीत, एक टीव्हीसमोर.

"आलं का?"

"मुंग्या आल्या!"

"डावीकडे घेऊ?"

"कुणाच्या डावीकडे?"

"अरे, सिंहगडाकडे तोंड केल्यावर डावीकडे!"

"मग मी तोंड कुठे केलंय?"

हा संवाद चार मजल्यांमधून जात असल्यामुळे खाली पोचेपर्यंत त्याचा अर्थ बदलायचा. वरून 'थोडं' म्हटलेलं खाली 'तोडू?' असं ऐकू यायचं. शेवटी चित्र यायचं, टाळ्या पडायच्या, आणि क्वालिटीतले काका चष्मा वर करून पडद्याजवळ जायचे. "उजव्या कोपऱ्यात सावली दिसतेय. डबल इमेज आहे. मी पास करणार नाही." त्यांनी पास केलेला अँटेना आमच्या वसाहतीत कुणी पाहिला नाही. एवढं सगळं झाल्यावर त्यावर कावळा येऊन बसायचा आणि पडद्यावरचा माणूस गळ्यापासून वाकडा व्हायचा.

११ ऑक्टोबर १९८२ला पिंपरी-चिंचवडची महापालिका झाली. पुढच्याच महिन्यात दिल्लीत आशियाई खेळ झाले आणि देशभर रंगीत टीव्हीची हवा झाली. दोन्हींचे खरे रंग दिसायला मात्र पुढे बरीच वर्षं जावी लागली.

संध्याकाळी दूरदर्शनवर 'आमची माती, आमची माणसं' लागायचं. आंतरपीक कसं घ्यावं, तुडतुड्यांचा बंदोबस्त कसा करावा. भोसरी, चिखली, आकुर्डीच्या जुन्या वाड्यांतले बाबा लोक पटके सावरून हा कार्यक्रम अगदी मन लावून बघायचे. माती एमआयडीसीला गेलेली, माणसं कंपनीत गेलेली, कार्यक्रम मात्र ठरल्या वेळेला हजर. ज्वारीवरचा खोडकिडा दाखवला की बाबा हळहळायचे आणि मुलाला विचारायचे, "आपल्या वावरात आता काय आहे रे?" मुलगा सांगायचा, "पेंट शॉप."

खरी पंचाईत निराळीच होती. टीव्हीनं एक गोष्ट गृहीत धरली होती, की माणूस संध्याकाळी घरी असतो. मुंबईतला कारकून असतो, पेठेतला मास्तर असतो, पण आमच्याकडचा माणूस? आमच्याकडे घड्याळाला तीन तोंडं. पहिली पाळी साधारण सकाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते बारा, तिसरी बारा ते सकाळी सात. दर आठवड्याला पाळी बदलणार. म्हणजे टीव्हीवरचं जे काही उत्तम असेल ते आमच्या घरातल्या कर्त्या माणसाला तीन आठवड्यांतून एक आठवडा धड दिसायचं. दुसऱ्या पाळीत तो त्या वेळी मशिनवर उभा. रात्रपाळीच्या आठवड्यात घरीच, पण संध्याकाळच्या मराठी बातम्या लागताना तो अंथरुणात, कारण पुढे रात्रभर जागायचंय. मग घरात हुकूम सुटायचा, "आवाज बंद करून बघा." बातम्या वाचणारे प्रदीप भिडे महाराष्ट्राला त्यांच्या आवाजासाठी आठवतात. आमच्या काही घरांतल्या पोरांना ते फक्त ओठांच्या हालचालीवरून पाठ होते.

त्यात गुरुवार. हे बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं. विजेचा सगळा भार एकाच वेळी पडू नये म्हणून निरनिराळ्या भागांतल्या कारखान्यांना निरनिराळ्या वारी साप्ताहिक सुट्टी दिलेली. आमच्या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. साऱ्या जगाचा रविवार रविवारी, आमचा गुरुवारी. पोरांच्या शाळेला सुट्टी रविवारी, बापाला गुरुवारी. एका घरात राहून बाप-लेकांची नीट भेट व्हायची ती गणपतीत.

आणि दूरदर्शन तर रविवारचं. २५ जानेवारी १९८७ला 'रामायण' सुरू झालं, रविवारी सकाळी साडेनऊला. देशातले रस्ते ओस पडले, टीव्हीला हार घातले गेले, उदबत्त्या लागल्या, वगैरे वर्णनं सगळ्यांनी वाचली आहेत. त्या वर्णनांत भोसरीतला टर्नर कुठेच नाही, कारण तो त्या वेळी लेथवर होता. सीताहरण पहिल्या पाळीत झालं. लंका जळत होती तेव्हा तो टूल बदलत होता. घरी आल्यावर बायको-पोरं मिळून त्याला कथा सांगायची. आई भक्तिभावानं सांगायची, धाकटा बाणांचे आवाज काढायचा, आणि थोरली म्हणायची, "आज काहीच नाही झालं, नुसतं गाणं होतं." रात्रपाळीवाल्यांची गत तर आणखी न्यारी. ते सकाळी घरी यायचे, आंघोळ करून हात जोडून टीव्हीपुढे बसायचे, आणि शीर्षकगीत संपायच्या आत घोरायला लागायचे. कुणी हलवलं तर दचकून विचारायचे, "मेला का?" वर्षभर मेला नाही. कुंभकर्णाला उठवायचा प्रसंग लागला तेव्हा बायकोनं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा खाटेकडे, आणि काही बोलली नाही.

दूरदर्शननं आमच्या गुरुवारचा मान राखला तो एकाच बाबतीत. 'छायागीत' गुरुवारी असायचं. दिवसभर दत्ताचा नाहीतर स्वामींचा उपास करायचा, संध्याकाळी आरती, मग साबुदाण्याची खिचडी, आणि वर छायागीत. परमार्थ आणि प्रपंच एकाच वारात उरकायचा. पण देखभाल-दुरुस्तीसाठी वीज घालवायची ती गुरुवारीच, हेही वीज खात्यानं ठरवून टाकलेलं. लाइट गेली की सगळी वसाहत गॅलरीत. "आपल्याकडेच गेली का सगळीकडे?" सगळीकडे गेली आहे म्हटल्यावर जे समाधान चेहऱ्यांवर पसरायचं, ते छायागीतानंही दिलं नसेल.

१९९१च्या आखाती युद्धानं भारताला केबल दाखवली, असं म्हणतात. आमच्याकडे ती एका पोरानं दाखवली. प्रत्येक भागातला एक पोरगा, आयटीआय झालेला किंवा होता होता राहिलेला, खांद्यावर काळ्या वायरीचं भेंडोळं टाकून हिंडू लागला. नारळाच्या झाडावरून गच्चीवर, गच्चीवरून विजेच्या खांबावर, खांबावरून शाळेच्या पत्र्यावर त्यानं वायर नेली. केबलसाठी कायदा झाला १९९५ साली; तोपर्यंत वायरीनं अख्खं शहर गुंडाळून झालं होतं. या पोराला 'भाऊ' म्हणायचं. भाऊंकडे एक डिश, एक व्हीसीआर आणि असंख्य मित्र. दिवसा परदेशी वाहिन्या, रात्री नवा हिंदी सिनेमा. त्या सिनेमात मधूनच पडद्यापुढून कुणीतरी उठून जाताना दिसायचं. ती थिएटरातल्या प्रेक्षकाची सावली. हीरोपेक्षा ती जास्त ओळखीची वाटायची.

भाऊंची स्वतःची वाहिनीही होती. तिच्यावर गणपतीची मिरवणूक, शाळेचं गॅदरिंग, एखाद्याच्या बारशाचं पूर्ण चित्रीकरण, आणि खाली धावणारी पट्टी : 'सीएनसी ऑपरेटर पाहिजे', 'वन रूम किचन भाड्याने, फक्त फॅमिली', 'दुसरी पाळी करणाऱ्यास प्राधान्य'. या पट्टीवर कितीतरी जणांना नोकऱ्या मिळाल्या, खोल्या मिळाल्या, आणि वरच्या मिरवणुकीत नाचणारा मुलगा आवडला म्हणून स्थळंही आली. उद्योगनगरीला उपयोगी पडलेली टीव्हीवरची एकमेव गोष्ट म्हणजे ती पट्टी, असं माझं प्रामाणिक मत आहे.

चित्र गेलं की भाऊंना फोन. भाऊंचं उत्तर कायम एकच : "वरूनच प्रॉब्लेम आहे." हे 'वर' म्हणजे कुठे, हे कुणी विचारलं नाही. गच्ची, उपग्रह, दिल्ली की वैकुंठ? पण पहिल्या तारखेला पैसे मागायला येणारा पोऱ्या मात्र नेहमी खालून, जिन्यानं यायचा. महिन्याला दोनशे घरांचे उंबरे झिजवणारा, प्रत्येक घरात कोण रुसलंय, कुणाचं लग्न ठरलंय हे ठाऊक असणारा, आणि मनात आलं तर अख्ख्या गल्लीचा टीव्ही बंद करू शकणारा हा माणूस. असे कितीतरी भाऊ पुढे राजकारणात दिसले. लोकसंपर्काची एवढी तयारी दुसऱ्या कुठल्या धंद्यात होते, सांगा.

मग मराठी वाहिन्यांचा पाऊस पडला. दूरदर्शनची मराठी वाहिनी १९९४च्या स्वातंत्र्यदिनी आली, पुढे तिचंच नाव सह्याद्री झालं. १९९९च्या स्वातंत्र्यदिनी अल्फा मराठी आली, तीच आजची झी मराठी. २००० साली ईटीव्ही मराठी, ती आता कलर्स मराठी. २००८मध्ये स्टार प्रवाह. मधल्या काळात चोवीस तास बातम्या देणाऱ्याही आल्या. रोज संध्याकाळी मराठी मालिका, दर अर्ध्या तासाला एक. सगळ्यांना वाटलं, आता पाळीवाल्या माणसाचे हाल होणार. रोज चालणारी गोष्ट तो तीन आठवड्यांतून एकच आठवडा बघणार. त्याला कळायचं काय?

पण झालं उलटंच. मराठी दैनंदिन मालिका ही जणू आमच्या पाळ्यांचा अभ्यास करूनच लिहिली होती. दुसऱ्या पाळीला लागलो तेव्हा सासूबाई आरतीचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. मधला रात्रपाळीचा आठवडा गेला. परत पहिल्या पाळीत येऊन बघतो, तर ताट हातातच. निरांजनही तेवढंच तेवतंय. फक्त साडी बदललेली. म्हणजे त्यांचाही गुरुवार होऊन गेला असणार. ईटीव्हीवर २००१ साली सुरू झालेली 'चार दिवस सासूचे' २०१३पर्यंत चालली, तीन हजारांहून जास्त भाग झाले. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ त्या काळात हेल्परचे सुपरवायझर झाले, घर बांधलं, मुलीचं लग्न केलं, व्हीआरएस घेतली. त्यांनी ही मालिका तिसरा हिस्सा पाहिली आणि त्यांचं म्हणणं की काहीही सुटलं नाही. उलट रोज बघणाऱ्या त्यांच्या बायकोच्याच मनात काही शंका राहून गेल्या.

२००४मध्ये आदेश बांदेकरांचा 'होम मिनिस्टर' आला. वहिनींना पैठणी मिळू लागली. पहिला प्रश्न असायचा घरातल्या माणसांचा, आणि नवरोबा शेजारी लाजत बसलेले. आमच्या वसाहतीत चर्चा एकच : आपल्याकडे आले आणि नेमकी सेकंड शिफ्ट असली तर? त्यावर तोडगा आमच्या पुढाऱ्यांनी काढला. महापालिकेची निवडणूक जवळ आली की प्रभागाप्रभागांत 'खेळ पैठणीचा' सुरू. मैदान तेच, मंडप तोच, तळ्यात-मळ्यात तेच, फक्त पैठणीमागच्या फलकावरचा फोटो बदलतो. काही हुशार वहिनी चारही पक्षांच्या पैठण्या जिंकून कपाटात गुण्यागोविंदानं ठेवतात. राज्याला जमलं नाही ते त्या कपाटाला जमलंय.

इंद्रायणी ही आमची पवित्र नदी. काही काळ ती डिजिटल सीमाही होती. केबलचं डिजिटलीकरण टप्प्याटप्प्यानं झालं. दुसऱ्या टप्प्यात देशातल्या अडतीस शहरांना ३१ मार्च २०१३ची मुदत होती आणि त्यांत पुण्याबरोबर पिंपरी-चिंचवडचं नाव वेगळं छापलं होतं. आम्हाला त्याचाच आनंद जास्त. चाकण आणि त्याच्या आजूबाजूची गावं मात्र मागच्या टप्प्यांत. म्हणजे नदीच्या अलीकडे मोशीत सेटटॉप बॉक्सशिवाय अंधार, आणि पूल ओलांडून चिंबळीत गेलं की जुन्या वायरीवर सगळं खुशाल चालू. मोशीतल्या सुनेला आईच्या हातची भाकरी आठवायची तशी माहेरची केबलही आठवायची. डिजिटलनं एक मात्र केलं : मुंग्या मेल्या. पूर्वी चित्र बिघडलं की मुंग्यांतून का होईना, हीरोईन ओळखता यायची. आता पडदा निळा, आणि त्यावर शुद्ध भाषेत 'सिग्नल उपलब्ध नाही'. शंका घ्यायलाही जागा नाही.

पुढे १ फेब्रुवारी २०१९पासून दूरसंचार नियामकानं ठरवलं की ज्यानं त्यानं आपल्या वाहिन्या निवडाव्यात. शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. पैशाच्या वाहिन्यांचे पैसे वेगळे. घराघरांत याद्या पसरल्या. आजोबांना कीर्तन, आईला मालिका, पोराला फुटबॉल, सुनेला दाक्षिणात्य सिनेमे. प्रत्येकानं आपापल्या खुणा केल्या, बेरीज आधीच्या बिलाच्या वर गेली, आणि मग भाऊंनीच 'पॅकेज घ्या की' म्हणून सोडवणूक केली. लोकशाहीत शेवटी पॅकेजच घ्यावं लागतं, हे आमच्या लोकांना माहीत होतंच.

चाकणची गोष्ट निराळी. बजाज तिकडे गेली, महिंद्रा आली, फोक्सवॅगन आली, मर्सिडीज आली. मागोमाग महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी इथे खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. एका खोलीत चार पोरं. बीडचा, बलियाचा, बालासोरचा आणि बुलढाण्याचा. पत्र्यावर डिशची रांग, आणि सगळ्यांची तोंडं पुन्हा दक्षिणेकडेच, पूर्वेला कललेली, कारण उपग्रह विषुववृत्तावर आणि आपण त्याच्या उत्तरेला. सिंहगड गेला, दक्षिण सुटली नाही. दूरदर्शनच्या मोफत डिशला महिन्याचं बिल नसतं, म्हणून तिला मान जास्त. एका दारातून भोजपुरी गाणं, दुसऱ्यातून ओडिया मालिका, तिसऱ्यातून खंडोबाची. घरमालक, म्हणजे ज्यांची जमीन गेली ते, बाहेर खाटेवर बसून तिन्ही एकदम ऐकतात. त्यांच्या नातवाला भोजपुरी समजतं. आजोबांना अजून नाही. पण कुठल्या मालिकेत खलनायिका कोण, हे ते आवाजावरून सांगतात.

एवढ्या वाहिन्या झाल्या तरी त्यांना आमचं घड्याळ जसं कळलं नाही, तसा आमचा पत्ताही कळला नाही. मर्सिडीजचं नवं मॉडेल चाकणमधून बाहेर पडलं की बातमी 'पुण्याची शान'. टोळक्यानं चार गाड्यांच्या काचा फोडल्या की 'पिंपरी-चिंचवड हादरलं'. चांगलं झालं की आम्ही पुण्यात, वाईट झालं की आमचं नाव स्वतंत्र. महापालिका वेगळी, पोलीस आयुक्तालय वेगळं, पण पडद्यावर अजून पुण्याच्या कंसात. चाकणला तर बातम्यांत दोनच कारणांनी स्थान : कांद्याचा भाव आणि वाहतूक कोंडी. दोन्हींनी डोळ्यांत पाणी येतं.

शेवटी २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि चार दशकांचा प्रश्न सुटल्यासारखा वाटला. आता ज्याची त्याची पाळी, ज्याचा त्याचा टीव्ही. रात्रपाळीची सुट्टी होते पहाटे अडीचला. पोरगा डबा उघडतो, फोन स्टीलच्या ग्लासाला टेकवतो आणि त्याचा प्राइम टाइम सुरू होतो. ज्या कंपन्यांत कॅमेऱ्यावर गेटपाशी चिकटपट्टी लावतात, तिथेही पडदा उघडाच असतो. कंपनीच्या बसमध्ये चाळीस माणसं आणि चाळीस वाहिन्या. शेजारच्या रांजणगावात टीव्हीचा कारखाना आहे. तिथे दिवसभर ५५ इंची पडदे खोक्यात भरणारं पोरगं घरी जाताना सहा इंची पडद्याला डोळे लावून बसतं. घरी तोच ५५ इंची हप्त्यावर घेतलाय. त्यावर दिवसा धाकट्याचं कार्टून असतं आणि रात्री इस्त्रीचे कपडे.

तेव्हा एक सूचना करतो आणि थांबतो. मराठीत एवढ्या वाहिन्या आहेत, तर एक आमच्या पट्ट्यासाठी काढा. कार्यक्रम बनवायचा खर्च नाही. नाशिक फाटा, मोशी, चिंबळी फाटा, आंबेठाण चौक आणि चाकणचा तळेगाव चौक, एवढ्या ठिकाणी कॅमेरे लावा आणि सोडून द्या. सकाळी सहा ते साडेसात थरारपट : पहिल्या पाळीचं पंचिंग हुकणार का? साडेसात ते दुपारपर्यंत कौटुंबिक मालिका : कंटेनर वळतोय. हिला मरण नाही. रात्री साडेबाराला, दुसरी पाळी घरी पोचली की, मुख्य भाग. पुनःप्रक्षेपणाची गरज नाही, उद्याही तेच दिसेल. गुरुवारी रस्ता मोकळा असतो. त्या दिवशी छायागीत लावा. आणि खाली ती पट्टी धावू द्या, सीएनसी ऑपरेटर अजूनही पाहिजेतच. जाहिरातींची काळजी नको, कारण प्रेक्षक हलू शकत नाही.

वाहिनीवाल्यांनो, विचार करा. तोवर वाचकांना एवढंच सांगणं : चाकणला पहिल्या पाळीला जाणार असाल तर तासभर आधी निघा, आणि फोन पूर्ण चार्ज करून घ्या. तीन भाग सहज बघून होतात.